कस्तुरीचा आकडा

कस्तुरीचा आकडा चौतीसवर आला तेव्हा मी ऑफिसात डबा खात होते. टेबलावरच्या पडद्यावर तिच्या नावापुढे तांबडा ठिपका आला आणि खाली ओळ उमटली : 'सलग एकवीस दिवस चाळीसच्या खाली. नऊ दिवसांनी सुनावणी. स्थलांतर प्रस्तावित.' स्थलांतर हा आमच्या बालनिवारा मंडळाचा शब्द. साध्या मराठीत त्याचा अर्थ, पोरीला त्या घरातून उचला आणि दुसरीकडे नेऊन ठेवा.

उचलायचं काम माझं. मी मंदाकिनी तावडे, गृहभेट अधिकारी, वय वर्षं सत्तावन्न. त्याआधी अकरा वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि तो करडेपणा अजून आवाजातून गेलेला नाही, असं माझे सहकारी म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येतं.

कस्तुरी आठ वर्षांची. संस्थेत वाढलेली. याआधी दोन घरांनी तिला नेलं आणि परत केलं. एकांना स्वतःचं मूल झालं, दुसऱ्यांची बदली झाली. दोन्ही वेळा तिला आणायला मीच गेले होते, आणि दोन्ही वेळा ती एक शब्दही न बोलता पिशवी घेऊन माझ्या मागे चालत आली. मी अहवालात लिहिलं होतं, 'समंजस मुलगी.' आता पाच महिन्यांपासून ती इचलकरंजीत मगदूम जोडप्याकडे होती आणि तिसऱ्यांदा तिची पिशवी भरायची वेळ आली होती. मी उरलेली भाजी तशीच ठेवून डबा बंद केला.

हा आकडा देणाऱ्या पट्टीबद्दल आधी सांगायला हवं. आज तिला नावं ठेवायला सगळे पुढे आहेत, पण ती आली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिली होते. त्याआधी आम्ही घर पारखायचो ते डोळ्यांनी. घरात शिरायचं, पोहे खायचे, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि विचारायचं, "कसं चाललंय रे?" मूल म्हणायचं, "छान." २०३४ साली मी अशाच एका घरी पोहे खाऊन सही केली. त्या मुलीच्या पाठीवरचे वळ शाळेतल्या बाईंना दिसले ते अकरा महिन्यांनी. तेव्हापासून माझा माझ्याच डोळ्यांवर विश्वास राहिला नाही.

डॉ. निहार बोरवणकरांनी विसावा पट्टी बनवली ती असल्याच मुलांसाठी. आपलं हृदय घड्याळासारखं एकसारखं टकटक करत नाही. श्वास आत घेतला की ठोके जरा जवळ येतात, सोडला की लांब जातात. शरीर निवांत असलं की हा झोका मोकळा असतो. भीती वाटली की तो आखडतो, ठोके वाढतात, तळव्यांना घाम सुटतो, बोटं गार पडतात. मनगटावरची पट्टी हे सगळं दिवसभर टिपते, धावण्या-खेळण्याची धडधड त्यातून वगळते आणि शून्य ते शंभरमध्ये एक आकडा देते. त्याला आम्ही विसावांक म्हणतो. पट्टीवर एक बारीक दिवा असतो, हिरवा, पिवळा किंवा तांबडा. मूल खोटं बोलेल, पालक खोटं बोलतील, मनगट खोटं बोलत नाही, असं डॉक्टर म्हणायचे.

पण प्रत्येक मूल वेगळं. एकाचं निवांत हृदय दुसऱ्याच्या घाबरलेल्या हृदयासारखं दिसू शकतं. म्हणून आधी यंत्राला दाखवावं लागतं, की हे मूल शांत असतं तेव्हा असं असतं. संस्थेतच सात दिवस ही नोंद घेतात. तिला पायारेघ म्हणतात आणि पुढचं सगळं मोजमाप त्या रेघेपासून होतं. शांतता म्हणजे काय हे यंत्राला ठाऊक नसतं. आपण दाखवू ती शांतता.

नियम सोपे होते. सहा महिने मूल प्रतिपालक घरात राहणार. आकड्याची सरासरी पासष्टच्या वर राहिली, तर त्या घराला दत्तकाचा आदेश. सलग तीस दिवस चाळीसच्या खाली गेली, तर सुनावणी आणि स्थलांतर. सुनावणीतच आकडा पासष्टच्या वर चढला, तर आणखी तीस दिवसांची मुदत. सात वर्षांत या नियमांनी सहा हजारांवर मुलांची घरं ठरवली होती.

*

मगदुमांचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि भिंतीपलीकडे बारा यंत्रमाग. सगळ्या गावात नवे, आवाज न करणारे माग आले, तरी या मालकाने आपले जुने धूड मोडीत काढले नव्हते. बाबगोंडा मगदूम तिथे जॉबर होते, म्हणजे अडलेला माग चालू करून देणारे. त्यांची बायको सुशीला त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. लग्नाला बावीस वर्षं, मूल नाही. पहिल्या भेटीत मी टिपणात लिहिलं होतं, 'माणसं साधी. घरात आवाज फार.'

"बसा बाई," सुशीला म्हणाली. "पोहे टाकू?"

"पोहे नकोत," मी म्हणाले. ते जरा जास्तच तोडून बोलले गेले. "सुशीलाताई, आकडा बघताय ना तुम्ही?"

"बगून काय करू? पोरगी रडाय लागली की दिवा तांबडा हुतोय. ते मला दिव्याबिगर पण दिसतंय की."

"पहिल्या महिन्यात अठ्ठ्याऐंशी होता. मग असं काय झालं?"

सुशीला माझ्यासमोर फरशीवर बसली. "पयल्या महिन्यात कशी हुती सांगू? ताटात पडंल ते खायची. झोप म्हटलं की डोळं मिटायची. हाक मारली की उभीच राहायची. मला बाई भ्या वाटायचं, पोर हाय का बाहुली? मग श्रावणात एकदा वेणी घालताना माझ्या हातनं केस वढलं गेलं. तशी फिरली माझ्याकडं आन् म्हणाली, तू माझी आई न्हाईस! आन् कांड्यांची भरलेली पाटी दिली उलटी करून." हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. "मी ह्यास्नी म्हटलं, आवं, पेढं आणा. आई न्हाईस म्हणायला आई तरी आली तिच्या डोस्क्यात."

त्या दिवसापासून आकडा उतरत गेला होता. कस्तुरी रडायची, आदळआपट करायची, अंथरुणाखाली भाकरी लपवायची. मधल्या सुट्टीत शाळेतून पळत येऊन सुशीला जागेवर आहे का ते बघून परत पळत जायची. मी हे सगळं लिहून घेत होते. माझ्या लेखी ही सगळी घर बिघडल्याची लक्षणं होती, आणि फॉर्मवर त्यासाठी रकानेसुद्धा होते.

तेवढ्यात कस्तुरी शाळेतून आली. दारात माझ्या चपला तिने ओळखल्या असाव्यात, कारण आत शिरली तीच दप्तर उगारून. ते माझ्या गुडघ्यावर बसलं.

"आली उचलायला!" ती ओरडली. मग सुशीलाकडे वळून, "तूच बोलावलंस हिला! मी बाटली हरवली म्हणून बोलावलंस!"

"न्हाई गं माझे बाय, त्या आपल्या आपण आल्यात्या."

"खोटं! खोटारडी!" तिने कोपऱ्यातला तांब्या लाथाडला. पाणी सगळीकडे झालं. मग तिचं लक्ष स्वतःच्या मनगटाकडे गेलं. दिवा तांबडाभडक होता.

ती एकदम थांबली. रडणंही मध्येच तोडल्यासारखं थांबलं. भिंतीपाशी जाऊन तिने मांडी घातली, पाठ ताठ केली, एक हात छातीशी घडी केला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. हाताची घडी, तोंडावर बोट. नजर समोर, कशावरच नाही. भिंतीपलीकडे बारा माग खडखडत होते आणि तिची पापणीही हलत नव्हती. मी मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजलं असेल. दिवा पिवळा झाला. मग हिरवा.

"बगा," सुशीला पुटपुटली. "अशी बसली की परत बाहुली हुतीय."

ती बैठक मी ओळखली होती.

"कस्तुरी," मी शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?"

तिने बोट हलवलं नाही. सुशीलाने जवळ जाऊन तिचा हात धरून खाली घेतला, तेव्हा ती बोलली, "संस्थेत सगळ्यांना येतं. तांबडी झाली की असं बसायचं. मग हिरवी होते. हिरवी असली की परत नेत नाहीत."

"मग इथे रोज का नाही बसत तशी?"

तिने खरोखर विचार केला. "विसरते मी."

बाबगोंडा दारात येऊन उभे होते, हाताला ग्रीस. ते कमी बोलणारे गृहस्थ. निघताना मला गाडीपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "बाई, तुमचं शास्त्र मला कळत न्हाई. पण बंद मागावर धागा कधी तुटत न्हाई. चालत्या मागावरच तुटतोय. तुटला म्हणून आमी माग मोडीत काढत न्हाई, गाठ मारतो आन् पुढं चालू."

*

मी गाडीत बसले आणि बराच वेळ ती सुरूच केली नाही.

२०३६ साली पायारेघ घ्यायची पहिली चाचणी आमच्याच संस्थेत झाली होती. बेचाळीस मुलं, प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी, आणि बोरवणकर घामाघूम झालेले. मुलं एका जागी बसत नव्हती, पट्ट्या सरकत होत्या, पडद्यावर नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा. तीन दिवस वाया गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी मला त्यांची दया आली. मी दोनदा टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

बेचाळीस मुलं एका क्षणात गप्प. पडद्यावरच्या रेघा संथ, स्वच्छ. "मॅडम, कमाल केलीत!" डॉक्टर म्हणाले. "हीच वेळ ठरवून टाकू. रोज प्रार्थनेला, वीस मिनिटं." ती पद्धत पुढे राज्यभर गेली. मला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते माझ्या बाहेरच्या खोलीत फ्रेम करून लावलेलं आहे.

त्या संध्याकाळी सभागृहाच्या दाराशी काळजीवाहिका हातात लाकडी रूळ घेऊन उभी होती. मला ती दिसली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण माझ्या शाळेत तो रूळ माझ्या हातात असायचा.

ऑफिसात येऊन मी कस्तुरीची मूळ नोंद उघडली आणि बोरवणकरांना फोन लावला. काय बघितलं ते सांगितलं. त्यांनीही आपल्या पडद्यावर तीच नोंद उघडली.

"भीतीच्या दोन पायऱ्या सगळ्यांना माहीत असतात," ते म्हणाले. "लढणं आणि पळणं. दोन्हींत हृदय धडधडतं, पट्टीला ते कळतं. पण लढता येत नाही, पळायला जागा नाही, अशा जीवाला तिसरी पायरी असते. मांजराच्या तोंडातलं चिमणीचं पिल्लू बघितलंत कधी? फडफडत नाही. शरीर स्वतःलाच आतून बंद करतं. ठोके संथ होतात, श्वास हळू, तळवे कोरडे. वरवर बघितलं तर..."

"निवांत."

"हो. निवांतच दिसतं." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तावडे मॅडम, ही मुलगी आठ वर्षांची आणि पायारेघेत ठोके मिनिटाला अठ्ठावन्न आहेत, या वयाला नुसतं बसल्या जागी ऐंशीच्या आसपास हवेत. तेव्हा मी हे बघायला हवं होतं. रेघा स्वच्छ आल्या एवढ्यातच मी खूश झालो."

म्हणजे यंत्र सात वर्षं एकच गोष्ट मोजत होतं, मूल त्या प्रार्थनेच्या सभागृहात जसं गोठून बसलं होतं त्याच्या किती जवळ आहे. ज्या घरात मूल गोठलेलं राहील ते घर उत्तम. ज्या घरात ते वितळायला लागेल, रडेल, भांडेल, ते घर नापास. आणि बहुतेक मुलांना ही गोष्ट आमच्या आधी कळली होती.

"मला वर्षभराचा वेळ द्या," डॉक्टर म्हणाले. "नव्याने तपासतो सगळं. तोवर बाहेर बोलू नका. गोंधळ होईल."

"माझ्याकडे आठ दिवस आहेत," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

*

दोन दिवसांनी मी कोल्हापूरला दिवाणांकडे गेले. मनात एक आशा होती, की माझी चूक एकट्या कस्तुरीपुरती निघावी.

दिवाण पती-पत्नी दोघेही प्राध्यापक. त्यांच्याकडे चार वर्षांपूर्वी मी सुबोधला दिलं होतं. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याचा विसावांक त्र्याण्णव, अख्ख्या जिल्ह्यात सर्वांत वर. मंडळाच्या माहितीपत्रकावर त्याचाच फोटो आहे, आणि दत्तकाचा आदेश झाल्यावरही मंडळाच्या विनंतीवरून त्याच्या मनगटावर पट्टी ठेवली होती, इतरांना उदाहरण म्हणून. दर वर्षी मी तिथे जाते, चहा घेते, आणि प्रसन्न मनाने परत येते. घर नीटनेटकं, पुस्तकांनी भरलेलं, कुणी कुणावर आवाज चढवत नाही.

सुबोध सोफ्याच्या कडेला बसला होता. मला बघताच त्याने पाठ ताठ केली, हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. मागच्या वर्षीही त्याने हेच केलं होतं. तेव्हा मी कौतुकाने म्हणाले होते, "किती वळण आहे हो मुलाला!"

"असाच असतो तो," दिवाणबाई हसून म्हणाल्या. "चार वर्षांत एकदाही हट्ट नाही, रडणं नाही. आम्ही पहिल्याच दिवशी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, की नीट वागलास तर हे घर तुझं, नाहीतर तावडे मॅडम येऊन घेऊन जातील. लहान मुलांशी आपण स्पष्ट बोललेलं बरं असतं. नाही का?"

त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी त्याला कधी बोटही लावलं नव्हतं, याबद्दल मला आजही शंका नाही. दर वर्षी मी त्या दारातून आत येत होते आणि दर वर्षी तो मुलगा, आज आपल्याला नेणार, असं समजून बसत होता. चहाचा कप मी तसाच खाली ठेवला.

*

सुनावणीच्या दिवशी मगदूम जोडपं कस्तुरीला घेऊन तासभर आधीच आलं. सुशीलाने पोरीला नवा फ्रॉक घातला होता. स्वतःच्या पदराचं टोक तिने हातात घट्ट गुंडाळलं होतं. मी तिला व्हरांड्यात बाजूला घेतलं. पुढे जे बोलले त्याची मला लाज वाटते, पण सांगते.

"सुशीलाताई, आत गेल्यावर कस्तुरीला सांगा, तशी बस म्हणून. भिंतीपाशी बसली होती तशी. आकडा चढेल. तीस दिवस मिळतील. पुढे दर वेळी तसंच निभावून नेता येईल."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी न्हाई सांगायची."

"अहो, तुमचीच पोर राहील तुमच्याकडे!"

"बाई, तशीच बसवून ठेवायची आसंल तर संस्था काय वाईट हुती? मी तिला गप बसवाय आणली न्हाई." तिचे डोळे भरले होते. "तुमी तुमचं काय ते बोला आत. मी न्हाई सांगायची."

आत मंडळाचे अध्यक्ष रणदिवे साहेब, दोन सदस्य आणि भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर कस्तुरीचा आकडा, बत्तीस. रणदिवे निवृत्त अधिकारी, कामाला चोख आणि मनाने चांगला माणूस. त्यांनी फाईल वाचली आणि चष्मा काढून प्रेमाने म्हणाले, "बाळा, तुला इथे त्रास होतोय ना? आपण तुझ्यासाठी दुसरं घर शोधू हं. मोठं, शांत. मागांचा आवाज नसलेलं."

"मी नाही जाणार!" कस्तुरी किंचाळली. तिने टेबलाला लाथ मारली, पाण्याचा ग्लास पडला. "मी नाही जाणार! नाही जाणार!" आकडा सत्तावीस झाला, पडदा तांबडा झाला. तिने वर बघितलं.

मग ती सुशीलाचा पदर सोडून खोलीच्या मधोमध जाऊन बसली. मांडी, ताठ पाठ, हाताची घडी, तोंडावर बोट. कुणी सांगितलं नव्हतं. आकडा वर जायला लागला. एकेचाळीस. अठ्ठावन्न. बहात्तर. एक्याण्णववर जाऊन तो थांबला आणि पडदा हिरवागार झाला.

"वा!" रणदिवेंनी सुटकेचा श्वास सोडला. "बघा, कशी शांत झाली. पासष्टच्या वर आहे, म्हणजे मुदत देता येते. मगदूम, अभिनंदन." त्यांनी पेन उघडलं.

बाबगोंडांनी हात जोडले. सुशीला पडद्याकडे बघतच नव्हती. ती पोरीकडे बघत होती आणि मग तिने माझ्याकडे बघितलं.

मी गप्प बसले असते तर कस्तुरी घरी गेली असती. निदान तीस दिवस. बोलले तर आकडाच खोटा ठरणार होता, आणि तो गेला की तिला तिथे ठेवायला कागदावर दुसरं काही नव्हतं. शिवाय माझी सही असलेली प्रत्येक फाईल उघडली जाणार होती. पण सुशीलाने माझ्यावरची नजर हटवली नाही.

"साहेब, सही करू नका," मी म्हणाले.

"अहो, सही मुलीच्या बाजूनं आहे!"

"माहीत आहे. पण तो आकडा खोटा आहे. पडद्याकडे बघू नका, तिच्या गालांकडे बघा."

सगळ्यांनी बघितलं. कस्तुरीचा चेहरा दगडी होता, एकही स्नायू हलत नव्हता, आणि डोळ्यांतून पाणी सरळ खाली वाहत होतं, बोटावरून, कोपरावरून, नव्या फ्रॉकवर. पडद्यावर एक्याण्णव.

मग मी सगळं सांगितलं. प्रार्थनेची वेळ, माझ्या टाळ्या, दारातला रूळ, स्वच्छ रेघा, प्रशस्तिपत्रक. "ही मुलं भीतीने गार पडली होती आणि मी यंत्राला सांगितलं, की हीच शांतता. ही सूचना माझी होती. बोरवणकरांची चूक त्यांची ते सांगतील, ही माझी आहे."

रणदिवेंनी पेन मिटून ठेवलं. मग ते म्हणाले, "तावडेबाई, आकडा बाजूला ठेवला, तर मी या मुलीला या घरात कशाच्या आधारावर ठेवू?"

"दोन घरांनी तिला परत केलं तेव्हा ती हिरवी होती, साहेब. हूं की चूं न करता पिशवी घेऊन माझ्यामागे आली. आज तिने तुमच्या टेबलाला लाथ मारली. हरवायची भीती वाटावी असं काही तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालंय. दुसरा आधार माझ्याकडे नाही."

सुशीला आता खाली फरशीवर बसली होती, पोरीच्या समोर, तोंडासमोर तोंड आणून. "काढ गं माझे आई, बोट काढ. वरड काय वरडायचं ते. कोण न्हेत न्हाई तुला. न्हेलं तर मी येते संगं."

बोट हळूहळू खाली आलं. आणि मग कस्तुरीने असा टाहो फोडला, की व्हरांड्यातली माणसं दारात गोळा झाली. तिने सुशीलाच्या खांद्याला दात लावले, पाठीवर बुक्क्या मारल्या, आणि शेवटी तिच्याच मांडीत तोंड खुपसून हुंदके देत राहिली. आकडा चोवीस, एकोणीस. रणदिवेंनी कारकुनाला खूण केली आणि पडदा बंद झाला.

निकाल त्यांनी हाताने लिहिला. कस्तुरीची पट्टी काढावी. ती मगदुमांकडेच राहील आणि तीन महिन्यांनी, माणसांनी बघून, दत्तकाचा आदेश ठरेल. तावडे यांची चौकशी व्हावी. चौकशी पूर्ण होईपर्यंत तावडे यांनी आपण दिलेल्या प्रत्येक घरी स्वतः पुन्हा जावं, उभ्या उभ्या नव्हे, तासन्तास बसून, आणि डोळ्यांनी बघावं. ज्या डोळ्यांवर मी नऊ वर्षांपूर्वी विश्वास टाकणं सोडलं होतं, तेच.

*

माझ्या यादीत तीनशे अकरा मुलं आहेत. पहिलं नाव मी सुबोधचं लिहिलं.

दिवाणांना मी आधी फोनवर सगळं सांगितलं होतं. दार उघडताना दिवाणबाईंचे डोळे सुजलेले होते आणि त्या बाजूला झाल्या. सुबोध सोफ्याच्या कडेला, तसाच. हाताची घडी, तोंडावर बोट.

या वेळी मी खुर्चीवर बसले नाही. गुडघे कुरकुरले, तरी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. त्याच्या मनगटावरची पट्टी सोडवली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. पट्टीखालची कातडी चार वर्षं ऊन न लागून पांढरी पडली होती.

"सुबोध," मी म्हणाले, "मी तुला न्यायला आलेली नाही. आज नाही आणि पुढेही नाही. तू चुकलास, भांडलास, काही फोडलंस, तरी तुला इथून कुणी परत पाठवणार नाही. आई-बाबांनाही मी हेच सांगितलंय. हे तुला आधी कुणी सांगितलं नाही, ही चूक आमची."

तो ऐकत होता. कान लावून ऐकत होता, हे त्याच्या मानेवरून कळत होतं. दारात त्याची आई पदर तोंडाशी धरून उभी होती. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा आपल्या मोकळ्या मनगटाकडे. मग बोटाआडूनच, अगदी बारीक आवाजात त्याने विचारलं,

"बाई, आता बोट काढू?"